पंपानं स्नायू सैल झाला, अस्तराचं काय?

अगं, सोयाबीनच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या असतील आणि मळणीचा हडंबा कधी मिळतो याची घरात चर्चा चालू असेल. म्हणून हे आत्ताच सांगतेय, मळणी उरकल्यावर नाही. दरवर्षी याच दिवसांत तुला धाप लागते. रात्री दोन-अडीचला उठून भिंतीला टेकून बसतेस, छातीत सूं सूं वाजत असतं, मग लुगड्यांच्या घडीखाली ठेवलेला पंप काढतेस आणि दोन फवारे मारतेस. पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. मोकळं वाटलं की तू विषय संपवतेस. दवाखान्यातून दिलेला दुसरा पंप, तो रोज घ्यायचा म्हणून सांगितलेला, त्यानं लगेच काही फरक पडत नाही म्हणून तसाच पडून आहे. मला तुझ्याशी त्या पडून असलेल्या पंपाबद्दल बोलायचंय.

आधी छातीत काय चालतं ते नीट समजून घे. आपल्या श्वासनळ्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. हातापायाच्या स्नायूंसारखे ते आपल्या हुकमात नसतात. ते आकसले की नळी अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, जवळजवळ सोळापट वाढतो. म्हणून नळी थोडीशी आवळली तरी जीव घाबरा होतो. तुझा तो झटपट पंप, साल्ब्युटामॉलचा, नेमका याच स्नायूला सैल करतो, आणि त्याचा गुण चार-सहा तास टिकतो. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पण या स्नायूच्या आत, जिथून हवा जाते त्या बाजूला, नळीला एक पातळ अस्तर असतं. त्याच्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सारखे हलत राहतात आणि चिकट थर धुळीसकट वर घशाकडे ढकलतात. अस्तराचं काम एवढंच, असं डॉक्टर मंडळीही खूप वर्षं धरून चालली होती. खरं म्हणजे स्नायूनं किती आवळायचं, यात त्या अस्तराचा मोठा वाटा आहे.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला सशाच्या रक्तवाहिनीवर काम करताना दिसलं, की वाहिनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर एका औषधानं ती सैल पडते, आणि तेच अस्तर चुकून खरवडलं गेलं असेल तर सैल पडत नाही. म्हणजे अस्तर स्नायूला काहीतरी निरोप धाडत होतं. या शोधाच्या वाटेवरच त्याला पुढे १९९८ चं नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. मग श्वासनळीतही असंच असेल का, असा प्रश्न साहजिकच आला. १९८५ साली अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये फ्लॅव्हहन, व्हॅनहूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या श्वासनळीच्या छोट्या छोट्या कड्या कापून घेतल्या. एकेक कडी कोमट क्षारपाण्यात टांगायची, तिच्यातून प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहायचे, आणि कडी किती जोरानं आवळते ते यंत्रावर मोजायचं. काही कड्यांचं अस्तर तसंच ठेवलं, काहींचं घासून काढलं. मग दोन्हींवर हिस्टामिन, ॲसिटिलकोलीन अशी नळी आवळणारी द्रव्यं टाकली. अस्तर काढलेल्या कड्या जास्त आवळल्या. स्नायू तोच, द्रव्यही तेच, फरक फक्त अस्तराचा.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुझ्या झटपट पंपाच्याच जातीचं एक जुनं औषध आहे, आयसोप्रोटेरेनॉल. अस्तर नसलेल्या कड्यांवर त्याचा सैल करण्याचा गुणही कमी पडला. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस ना, आधी दोन फवाऱ्यांत भागायचं, आता चारांतही भागत नाही? तुझ्या नळीत नेमकं काय झालंय हे एका जुन्या प्रयोगावरून मी ठरवू शकत नाही. पण दम्यानं सुजलेलं, जागोजागी सोललेलं अस्तर घेऊन नुसतं स्नायूला सैल करत बसलं की असं होतं, हे वॉर्डात काम करताना मी बघत आलेय.

अस्तर स्नायूला आवरतं तरी कसं? मोठ्या कुटुंबात एखादी थोरली आजी असते, ती ओसरीवर नुसती बसलेली असली तरी घरात कुणाचा आवाज चढत नाही, तसं समज. अस्तराच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि नायट्रिक ऑक्साइड अशी द्रव्यं तयार करतात, त्यांनी स्नायू शांत राहतो. शिवाय त्या पेशींवर काही विकरं असतात. मज्जातंतूंच्या टोकांतून नळी आवळणारी जी द्रव्यं सुटतात, त्यांचे ती विकरं तिथल्या तिथे तुकडे करून टाकतात. आणि पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की हवेतून आलेला कण सहसा आतल्या मज्जातंतूपर्यंत आणि स्नायूपर्यंत पोचतच नाही.

आता हे अस्तर दुखावलं की काय होतं बघ. चिकटलेल्या पेशी सुटतात. दम्याच्या जोराच्या झटक्यानंतर बेडका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात अस्तराच्या पेशींचे अख्खे पुंजके सापडतात. मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, मग साध्या फोडणीच्या ठसक्यानंही खोकल्याची उबळ येते. शांत करणारी द्रव्यं कमी पडतात. आणि दुखावलेल्या पेशी गप्प बसत नाहीत, त्या शरीराच्या संरक्षक पेशींना हाका मारणारी द्रव्यं सोडतात. त्या पेशी गोळा होतात, सूज येते, चिकट स्राव वाढतो, स्नायू आणखी चिडका होतो. यातलं टीएसएलपी नावाचं एक हाक मारणारं द्रव्य अडवणारं इंजेक्शन, टेझेपेलुमॅब, अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्य झालं. ते फार महागडं, तीव्र दम्यासाठी, तुझ्या कामाचं नाही. पण औषध स्नायूवर न बनवता अस्तराच्या हाकेवर बनवलं गेलं, यावरून दम्याकडे बघण्याची दिशा किती बदलली ते कळतं.

साध्या सर्दी-पडशाचंही तेच. विषाणू राहतो आणि वाढतो तो या अस्तरातच. म्हणून धडधाकट माणसाचीही सर्दी गेल्यावर कित्येकदा सहा-सहा आठवडे श्वासनळी हळवी राहते आणि खोकला रेंगाळतो. पहाटेच्या थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला गेलं की तुला धाप लागते, तीही यातलीच: थंड कोरडी हवा भराभर आत ओढली की अस्तरावरचा ओलावा उडतो आणि ते चिडतं.

आणि हे एकतर्फी नाही. २०२४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जोडी रोझेनब्लॅट आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मासिकात एक काम छापलं. उंदरांच्या आणि माणसांच्या फुप्फुसाच्या चकत्यांत त्यांनी पाहिलं, की स्नायू जोरात आवळला की आतलं अस्तर इतकं दाटीनं चेपलं जातं की त्यातल्या पेशी पिळून बाहेर फेकल्या जातात. म्हणजे अस्तर बिघडलं म्हणून झटका येतो, आणि झटका आला की अस्तर आणखी सोलून निघतं. पुढच्या झटक्याची तयारी याच झटक्यात होते. आणि साल्ब्युटामॉलनं नळी उघडली, तरी पेशी फेकल्या जाणं काही थांबलं नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच आलीस. तुला वाटतं, फवारा मारला, झटका गेला, हिशोब मिटला. तो मिटलेला नसतो गं.

रोजच्या पंपात जे स्टेरॉइड असतं, ब्युडेसोनाइड वगैरे, ते ही सूज ओसरवतं आणि अस्तराला सावरायला उसंत देतं. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. म्हणून घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही, आणि काही जाणवत नाही म्हणून बाया ते सोडून देतात. जगभरातल्या दमातज्ज्ञांच्या 'जिना' या मंडळानं २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय, की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या झटपट पंपावर ठेवू नका, स्टेरॉइडचा पंप कोणत्या ना कोणत्या रूपात हवाच. आता फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंपही मिळतो, तो धाप लागली की घेता येतो आणि रोजही. तुला कोणता बसेल ते डॉक्टर ठरवतील, पण "मला नुसता झटपटच द्या" असं तू सांगू नकोस. जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४२ टक्के. ही दरी रोजचा पंप न घेण्यातूनही पडलेली आहे, असं मी ठामपणे म्हणते.

आता सोयाबीनचं. तुझ्या सासरी म्हणतात की "आम्ही सगळे धुळीतच वाढलो, हिलाच कसं होतं?" तेव्हा त्यांना बार्सिलोनाची गोष्ट सांग. स्पेनमधलं समुद्रकाठचं हे शहर. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून जायचे. असे २६ दिवस नोंदले गेले. कारण काही कळेना. शेवटी डॉक्टरांनी तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की त्या त्या दिवशी बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवलं जात होतं. साठवणुकीच्या कोठारावर धूळ अडवणाऱ्या गाळण्याच नव्हत्या. त्रास होता तो दाण्याच्या टरफलाच्या बारीक धुळीतल्या प्रथिनांचा. गाळण्या बसवल्या आणि तसे दिवस येणं थांबलं. समुद्राच्या वाऱ्यावर शहरभर पसरलेल्या धुळीनं ही गत झाली, आणि तू तर हडंब्याच्या तोंडाशी उभी राहून काड घालतेस. शेंगा फुटतात, भुसकट उडतं, पिवळट धूर दिसावा अशी धूळ अंगावर येते. सगळ्यांना दमा होत नाही हे खरंच आहे. पण ज्याचं अस्तर आधीच हळवं आहे त्याला ही धूळ सोसत नाही, आणि यात तुझा काही दोष नाही.

म्हणून मळणीच्या दिवशी तू काड घालू नकोस. डबे भर, जेवण कर, हिशोब लिही, पण यंत्रापासून लांब आणि वारा पाठीकडून येईल अशा बाजूला. ओढणी किंवा ओला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क वापर. संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ कर, ती साडी खोलीत आणू नकोस, भुसकटाचा ढीग झोपायच्या खिडकीखाली नको. मालकांना हे तू सांग, नाही जमलं तर मी फोन करते.

सोयाबीन झालं की आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांनाच त्याचा अभिमान आहे. पण हळद शिजवताना धूर असतो आणि वाळलेली हळकुंडं ढोलात घालून पॉलिश करताना जी पिवळी धूळ उठते ती तुझ्यासाठी सोयाबीनइतकीच वाईट. तिथेही तोच नियम. घरातली चूलही बघ. सिलिंडर असूनही पाणी तापवायला पऱ्हाट्या-तुराट्या पेटतात, मला माहीत आहे. त्या धुरानं अस्तर वर्षभर दुखावत राहतं, मग हंगामात थोडी धूळही पुरते. निदान तू चुलीपुढे बसू नकोस आणि चूल बाहेर मोकळ्यावर ने. डासांची कॉइल तर आजपासून बंद कर. २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. दार लावून, लेकराला कुशीत घेऊन, तू रात्रभर ते ओढत असतेस. मच्छरदाणी लाव.

तुझ्या मनातल्या शंका मला पाठ आहेत. पंपाची सवय लागते म्हणतात. सवय लागत नाही. दमा जुना आजार आहे, औषध सोडलं की तो परत डोकं वर काढतो, त्याला लोक सवय म्हणतात. स्टेरॉइडला तू घाबरतेस. गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं आणि ते सगळ्या अंगात फिरतं. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ते थेट जागेवर पडतं. घेतल्यावर चूळ भरून थुंकली की सहसा तोंडही येत नाही. उलट पंप टाळून दर हंगामात झटका आला की तुला गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, आणि तिथे मग खरंच काळजी करावी इतकं स्टेरॉइड पोटात जातं.

सासूबाई मृगाला माशाच्या औषधासाठी हैदराबादला न्यायचं म्हणतायत. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथली वाट आपल्या लोकांच्या पायाखालची. बथिनी कुटुंब जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतं, हजारोंची रांग लागते. श्रद्धेनं जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यानं दमा जातो हे कुठल्याही नीट घेतलेल्या चाचणीत दिसलेलं नाही. जायचंच असेल तर जा, दोन्ही पंप पिशवीत घेऊन जा, आणि आल्यावर "आता औषध लागत नाही" असं ठरवू नकोस. हळदीचं दूध पी, खुशाल पी. पंपाच्या जागी नाही.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय असं आई म्हणत होती. दिवस राहिले तर रोजचा पंप स्वतःहून बंद करू नकोस. बाया तिथेच चुकतात. आईला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर बाळालाही मिळत नाही. ब्युडेसोनाइड गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून दिलं जातंय. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, ते बघतील.

पंप घेण्याची तुझी पद्धत मात्र सुधारायला हवी. तू तोंड उघडून फवारा मारतेस तेव्हा निम्म्याहून जास्त औषध घशातच चिकटतं. स्पेसर वापर. तो मिळेपर्यंत अर्ध्या लिटरची थंड पेयाची प्लास्टिकची बाटली धुऊन वाळव आणि तिच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाड. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या हेदर झार यांनी दम्याचा झटका आलेल्या मुलांवर अशी बाटली वापरून पाहिली आणि १९९९ मध्ये छापलं, की ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. पंप हलव, भोकात बसव, बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धर, आधी श्वास पूर्ण सोड, मग एक फवारा आणि सावकाश खोल श्वास. दहापर्यंत मोजत रोखून धर. दुसऱ्या फवाऱ्याआधी पुन्हा हलव. दोन फवारे एकदम मारायचे नाहीत.

तरीही जोराचा झटका आला, एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, ओठ निळसर दिसले, किंवा फवाऱ्याचा गुण तीन-चार तासही टिकेना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत आडवं पडायचं नाही, पुढे झुकून बसायचं, आणि बाटलीतून झटपट पंपाचे एकेक करून चार ते दहा फवारे, दर वीस मिनिटांनी, पहिला तासभर. हे मालकांना आणि जाऊबाईंनाही दाखवून ठेव, कारण त्या वेळी तुला बोलता येणार नाही. आणि त्यासाठी पंप लुगड्यांखाली लपवलेला चालणार नाही. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेव.

मळणीला अजून दोन-तीन आठवडे असतील तर वेळ चांगली आहे. रोजचा पंप आत्ता सुरू झाला तर हडंबा येईपर्यंत अस्तर थोडं तरी सावरेल. या सोमवारी हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात जा आणि फुंकून घ्यायची तपासणी करायला सांग. आधी एकदा फुंकायला लावतात, मग फवारे देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा, त्यावरून नळी किती उघडते ते कळतं. दोन्ही पंप बरोबर ने. आणि त्याआधी पडून असलेल्या पंपाचा डबा हातात घेऊन मला फोन कर. त्यावरचं औषधाचं नाव, किती मायक्रोग्रॅम आणि मुदत संपायची तारीख वाचून दाखव. अक्षरं फार बारीक असतात, पोराला वाचायला लाव.